एका घराची दोन टेबलं

४ ऑगस्ट

चि. पोरीस,

दरवेळी 'चि. सौ.' लिहायची सवय. आज 'सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि अडले. ते कोर्टाने काढून घेतलं म्हणतात. मग नुसतं 'चि.' ठेवलं. दीर्घायुष्याचा आशीर्वाद द्यायला कोर्टाची परवानगी लागत नाही.

फोन कर म्हणतेस, पण तो कानाला लावला की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज येतो. त्यापेक्षा पत्र बरं. त्यात मध्येच कोणी 'आई, हळू बोल' म्हणत नाही.

आपल्या या थंड मुलखातला उन्हाळा सरत आलाय. मागच्या अंगणातलं आलुबुखाराचं झाड यंदा लदबदलंय. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंगावतात, त्यामुळे चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. जत्रा शेवटच्या रविवारी, मंडपात दर घराचं एक टेबल आणि पाव-केकची स्पर्धा नेहमीसारखीच. केकसाठी फळं बिया काढून साखरेत घालून ठेवायची वेळ झाली. ते काम दरवर्षी तू करायचीस.

परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं. टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच घरात बोलतो, माहीत आहे तुला. म्हणाला, "यंदा जत्रेत आपलं टेबल नव्या माणसांबरोबर. ती आणि तिचे आईवडील येणार. तू उगाच जुनी माणसं बोलावू नकोस. ते नातं संपलं."

मी म्हटलं, "तुझं संपलं असेल. कागदावर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. मला तर कोणी पेनसुद्धा दिलं नाही."

तो उठून हात धुवायला गेला. वन्सं तुझ्या, म्हणजे आमची लेक, सुट्टीला आल्यात. त्या म्हणाल्या, "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना जे म्हणायचंय ते त्यांनी जरा मोठ्याने म्हणावं, नाहीतर मला ऐकू येत नाही.

तर तू येते आहेस. दोन्ही नातवंडांना, थोरलीला आणि आमच्या भुंग्याला, घेऊन ये. तो तिकडेही दिवसभर गुणगुणतो का? हाताला थोडं भाजलंय, म्हणून अक्षर असं आलंय. काळजीचं काही नाही.

तुझी सासू
(माजी म्हणायचं असेल तर तू म्हण, मी म्हणणार नाही.)


८ ऑगस्ट

ती. आई,

तुमच्या मुलाने ज्या दिवशी मला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली, त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं हा प्रश्न मला पडला होता. तुम्ही तो सोडवलात. पण बाकीचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले.

मी येणार नाही. मुलं येतील. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचे बाबा त्यांना न्यायला येतात, ते ठरलेलंच आहे. मुलांना आकाशपाळण्यात बसायचंय, सशांची पिंजऱ्यांतली रांग बघायचीय. ते त्यांच्या घरच्या टेबलाशी बसतील. मी कुठे बसू? मंडपातल्या प्रत्येक टेबलाला मी ओळखते आणि प्रत्येक टेबल मला ओळखतं. सह्या झाल्यापासून मला बघून बाजारात दोन बायकांनी आवाज खाली केलाय. मला आता कोणी बघायला नकोय.

आणखी एक. माझ्या नावाने भांडू नका. तुमचा मुलगा वाईट माणूस नाही. आम्ही एकमेकांना छळलं नाही, फक्त एका छताखाली दोन भाडेकरूंसारखे राहिलो. त्याला पुन्हा संसार करायचाय, करू दे. तुम्हाला त्याच्या घरात राहायचंय, मी दोन तासांवर. शहाणं माणूस कोणाची बाजू घेईल?

इथे बरं चाललंय. पडद्यांच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवरून कापणीच्या टेबलावर बढती मिळाली. खोलीतला ओव्हन सुटकेसएवढा आहे, एका वेळी एकच पाव मावतो. भुंगा गुणगुणतो. थोरली बोलत नाही, पण तेरा वर्षांच्या मुली बोलत नाहीतच.

कुठला हात भाजला? कसा?

तुमची,
(इथे काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा)


१२ ऑगस्ट

चि. सुनेस,

ठरवलं.

उजवा हात. थंड समजून तापलेल्या ट्रेला हात लावला. त्याचा एवढा बाऊ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओव्हनची बटणं गायब. चिरंजीवांनी चारही उपटून खिशात घातली आणि दुकानात गेले. संध्याकाळी म्हणाला, "तुझ्या भल्यासाठी." सगळ्या वाईट गोष्टी माझ्या भल्यासाठीच होतात. दात काढले ते पण भल्यासाठीच.

बटण गेलं तरी त्याच्यामागची दांडी उरतेच. ती पकडीने फिरते. तुझ्या सासऱ्यांची जुनी पक्कड हत्यारांच्या पेटीत पडून होती. काल मी पाव भाजला, आज अक्रोडाची बिस्किटं. रात्री जेवताना बिस्किटं वाढली. सगळे गप्प बसून खात होते. एकानेही बटणांचा विषय काढला नाही. बोलती बंद.

आता तुझं. शहाणं माणूस कोणाची बाजू घेईल, विचारतेस. पोरी, मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं, ही तुझी माणसं. दीर, नणंदा, जावा. मी मानली. मग वाटण्या झाल्या आणि सांगितलं, ही आता आपली माणसं नाहीत. तेही मानलं. ज्या जावेबरोबर मी एका भांड्यात पीठ मळलं तिच्या मयताला मला जाऊ दिलं नाही. आयुष्यभर माझी माणसं कोण ते दुसऱ्यांनी ठरवलं. तुला मुलाने आणली हे खरं. पण ठेवली मी. माझ्या हयातीत निवडलेलं एवढं एकच माणूस. ते मी आता त्याच्या सहीवर सोडू?

म्हणून काल मी जत्रेच्या मैदानावर गेले. मंडपाचा कारभारी खांबांना दोऱ्या ताणत होता. म्हटलं, मला टेबल हवंय. तो म्हणाला, "आजी, तुमच्या मुलाने घेतलंय की. एका घराला एकच टेबल."

"मग आमचं घर दोन समज."

तो डोकं खाजवत राहिला. शेवटी सशांच्या पिंजऱ्यांशेजारचा कोपरा दिला. वास येतो, पण वारा आहे. नाव विचारलं तेव्हा मी सांगितलं, 'सासू आणि सून'. खडूने लिहून घेतलं.

पाव तू आण, केक मी आणते.

तुझी सासू


१७ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, आणि मी पत्र लिहावं की नाही हे मला कळत नाही. मी ती, जिचं आणि तुमच्या मुलांच्या बाबांचं हिवाळ्यात लग्न ठरलंय. दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. तुमचा पत्ता आजींच्या पाकिटावरून घेतला. पत्र उघडलं नाही, फक्त पत्ता.

आजींना माझ्याबद्दल राग आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये. त्या मला 'नवी' म्हणतात आणि दारातून आत आले की पहिल्यांदा खायला देतात. पण गेल्या आठवड्यात त्यांनी बिस्किटं दिली ती खारट होती. थोडीशी नाही, तोंडात धरवेना अशी. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. मी इकडेतिकडे बघितलं, तर सगळे मान खाली घालून चावत होते. मीही चावलं.

नंतर हे म्हणाले की असं गेले काही आठवडे चाललंय. आईचं वय झालं, डोकं चालत नाही. जत्रा झाली की तिला यांच्या बहिणीकडे पाठवायचं ठरलंय, कायमचं. तिकडे तिसरा मजला आहे, स्वयंपाकघरात त्या कोणाला येऊ देत नाहीत. आजींना अजून सांगितलेलं नाही.

मला हे बरोबर वाटत नाही. पण मी नवी आहे, माझं कोण ऐकणार? तुम्ही जत्रेला येणार नाही असं थोरलीने यांना फोनवर सांगितलं. तुम्ही यावं. मला अवघडल्यासारखं होईल, तुम्हालाही होईल. तरी यावं.

तुमची,
नवी


२० ऑगस्ट

ती. आई,

तुम्ही मला न विचारता टेबल घेतलंत. मला न विचारता खडूने नाव लिहून दिलंत. तुमचा मुलगा बटणं काढताना तुम्हाला विचारत नाही आणि तुम्ही टेबल मांडताना मला विचारत नाही. बी एकाच झाडाचं.

मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी कापणीच्या टेबलावर कात्री चालवताना लक्षात आलं की मी चिडले कशावर, तर मी येणार नाही असं तुम्ही खरं मानलंच नाही यावर. आणि तुमचं बरोबर होतं.

येते. पण माझ्या अटींवर. मी तोंड लपवून बसणार नाही. कोणी आवाज खाली केला तर मी त्यांना वर करायला सांगेन. तुमच्या मुलाला टोमणे मारायला मला बोलावलंत असं दिसलं तर मी पाव उचलून निघून जाईन. आणि त्या मुलीशी नीट वागायचं. ती चांगली आहे. मला कसं माहीत ते विचारू नका.

एक लहानसा प्रश्न. तुमच्या शेवटच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्यात. दुसऱ्या पानावर तर तुम्ही लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलंय. हात अजून दुखतोय का?

सुटकेसएवढ्या ओव्हनमधून एकेक करून पाच पाव काढले. चार आणते, पाचवा भुंग्याने संपवला.

तुमची सून


२९ ऑगस्ट

पोरीस,

आज आशीर्वाद लिहीत नाही. रागावलेय.

तू मला भर मंडपात उघडं पाडलंस. माझ्या केकचा तुकडा तोंडात घातलास, थांबलीस, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आई, यात मीठ आहे." कानात सांगितलंस म्हणतेस, पण माझ्या कानात सांगायचं म्हणजे मैदानाला सांगायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवला. ससेसुद्धा दचकले असतील.

मी म्हटलं, एकदा होतं चुकून. तेवढ्यात थोरली आली. वर्षभर न बोलणारी ती पोरगी माझ्या दुसऱ्या कानात ओरडली, "आजी, बिस्किटांतही होतं. आणि त्याआधीच्या केकमध्येपण. सगळे खोटं खातात." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला नाही. महिनाभर माझ्या घरात माझ्यासमोर बसून माणसं मीठ गिळत होती आणि मी मनात म्हणत होते, बघा, बोलती बंद केली.

पोरी, तो अपमान तू केलेला नाही. तो त्यांनी केला. पण ऐकायला मिळाला तुझ्या तोंडून, म्हणून राग तुझ्यावर निघतोय. चार दिवसांत निवेल.

स्पर्धेचा परीक्षक काटाचमचा घेऊन आला तेव्हा मला टेबलाखाली जावंसं वाटलं. गेले नाही. त्याला म्हटलं, "याला हात लावू नका, यात मीठ आहे. पाव घ्या. तो माझ्या सुनेने भाजलाय." त्यावर मागून चिरंजीव काहीतरी बोलले. शब्द ऐकू आले नाहीत, सूर कळला. मी न ऐकलेल्यालाच उत्तर दिलं. म्हटलं, "बायको तू बदल. सून बदलायची की नाही ते मी ठरवीन." मग वाटलं नवी तिथेच उभी असेल, तिला लागेल. म्हणून म्हटलं, "ही आली की हीसुद्धा. मला दोन चालतील, मी काही कमी पडणारी नाही." ती हसली की रडली ते मला नाही कळलं. पण येऊन माझ्या बाजूला बसली, तुझ्या टेबलाशी. आपल्या आईबापांना सोडून.

भुंगा म्हणतो, नंतर कुंपणापाशी तू आणि तो बराच वेळ बोलत होतात. काय बोललात? आता मला कोणी काही सांगत नाही आणि घरात सगळे पाय न वाजवता चालतात. तू सांग. मीठ सांगितलंस, आता बाकीचंही सांग.

तुझी सासू


२ सप्टेंबर

ती. आई,

सांगते. सगळं सांगते, कारण तुमच्याभोवती गप्प बसणाऱ्यांची रांग आधीच लांब आहे.

मागून मुलांचे बाबा म्हणाले होते, "ती सून नाही आता, आई." तुम्ही न ऐकता बरोबर उत्तर दिलंत. मग ते मला कुंपणाकडे घेऊन गेले. मला वाटलं भांडण होणार. ते नुसते उभे राहिले, चुरगळलेल्या गवताकडे बघत. म्हणाले, "ती माझं ऐकतच नाही."

मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही."

"नाही. माझंच ऐकू येत नाही."

मग सांगितलं की जत्रेनंतर तुम्हाला वन्संकडे पाठवायचं ठरलंय. तिसरा मजला. आई, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती. आता झाली. ते म्हणाले, "डोकं चालत नाही तिचं. उद्या घराला आग लागली तर?"

मी म्हटलं, "डोकं चालतं. टेबल मिळवलं, पकडीने ओव्हन पेटवला, तुझ्या तोंडावर उत्तर दिलं. ते डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा बरं चालतं. डोळे गेलेत."

त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. मग मी एकेक सांगितलं. तुमच्या ओळींवर चढलेल्या ओळी. तापलेला ट्रे. सकाळी तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतलात आणि पदराने पुसून टाकलात. कारभाऱ्याच्या बायकोला वन्सं समजून तिच्या पाठीवर थाप मारलीत, मग मुद्दामच मारली असं दाखवलंत. साखर आणि मीठ तुम्ही डब्यावरून नाही, पांढऱ्या रंगावरून ओळखत होतात.

आकाशपाळण्यावरचं गाणं संपून दुसरं लागलं. मग ते म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिने?"

मी म्हटलं, "कारण तू बटणं काढलीस. हात भाजला तर ओव्हन गेला. डोळे गेले म्हटलं असतं तर काय काय गेलं असतं?"

आई, हे मी त्यांना बोलले. आता तुम्हाला बोलते. तुम्ही मला म्हणालात हात भाजला म्हणून अक्षर वाकडं. ते खोटं होतं. तुम्ही लपवून त्यांचंच म्हणणं खरं करत होतात. महिनाभर ते मीठ गिळत होते आणि तुम्ही अंधार गिळत होतात, आणि दोघांनाही वाटत होतं आपण समोरच्याला वाचवतोय. भांडायचं असेल तर दिसणाऱ्या डोळ्यांनी भांडा.

नवीने दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असावा म्हणतात, तपासल्यावर कळेल. शस्त्रक्रिया होते, लोक दुसऱ्या दिवशी घरी जातात. तुम्ही जायचं. न्यायला कोण येईल ते तुम्ही निवडा. आम्ही तिघंही तयार आहोत, आणि तिघं एका गाडीत बसायलाही तयार आहोत, म्हणजे विचार करा.

बक्षीस आपल्याला मिळालं नाही. पाव खालून करपला होता, परीक्षकांनी उलटा करून बघितला. मिळालं ते भोपळ्याच्या पावाला, आणि खरं सांगते, मी चाखला, मिळायलाच हवं होतं.

तुमची सून


१४ ऑक्टोबर

चि. सुनेस,

बघ, ओळी सरळ आहेत.

एक डोळा झाला. दुसरा हिवाळ्यात. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली नवी, हातात औषधाच्या थेंबांची बाटली घेऊन उभी. मी म्हटलं, "अगं, तू तर तरुण आहेस." इतके दिवस मला वाटत होतं ती चाळिशीची आहे आणि मी तिला त्या हिशेबाने सल्ले देत होते. मग आरसा बघितला. तो बघायला नको होता.

घरी आल्यावर स्वयंपाकघर बघितलं. पोरी, ओव्हनच्या मागच्या भिंतीवर काय थर बसलाय तेलाचा. महिनोन्महिने मी तिथे उभी होते आणि कोणी सांगितलं नाही. दोन दिवस घासत होते. चिरंजीव म्हणाले, "आई, आराम कर." मी म्हटलं, आराम तिसऱ्या मजल्यावर करायचा असतो, इथे काम असतं. वन्सं परत गेल्या, एकट्या. जाताना म्हणाल्या, "तू येशील तेव्हा ये." म्हटलं, येईन, आठ दिवस, पाहुणी म्हणून, आणि स्वयंपाकघरात जाईन.

बटणं त्याने न बोलता परत बसवली. एक उलटं बसवलंय, पण मी काही म्हणाले नाही. माफी मागायची त्याची पद्धत तेवढीच आहे, बापाचीही तेवढीच होती.

काल केक केला. आलुबुखार संपले, पेअर घातले. साखर चाखून बघितली, मग डब्यावरचं नाव वाचलं, मग पुन्हा चाखली. टेबलावर ठेवला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत होते, कोण आधी खातंय. मी म्हटलं, "खा. आणि जे वाटेल ते बोला. आजपासून या घरात कोणी गप्प बसून खाणार नाही." चिरंजीवांनी घास घेतला. म्हणाला, "जरा कोरडा झालाय."

महिनाभर जे ऐकायला मिळालं नव्हतं ते ऐकलं. बरं वाटलं. कोरडा झालाच होता.

लग्नाला तू येणार नाहीस हे तुझं म्हणणं मी ऐकलं. या खेपेला खरंच मानलं. तुला तिथे बोलावणार नाही. पण तुझ्या गावाला नव्या रस्त्यापलीकडे हिवाळ्याआधीची छोटी जत्रा भरते असं थोरलीने लिहिलंय. हो, तिने मला पत्र लिहिलं, तीन पानी. तिथे टेबलं नसतात म्हणे, लोक गाडीच्या मागच्या फळीवर पाव मांडून विकतात. तुला चालणार असेल तर मी येते. या वेळी विचारतेय, बघ.

चालेल म्हणशील म्हणून तयारी केलीय. शनिवारी निघते. एकटी. चिरंजीव म्हणतात मी सोडतो, नवी म्हणते मी सोबत येते. दोघांनाही नाही म्हटलं. तूही स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. कुठली बस कुठे जाते ते पाटीवर लिहिलेलं असतं, आणि ती पाटी मी स्वतः वाचणार आहे.

तुझी सासू